आम्ही दोघी विहिणी हॉलंडात

आज माईकसमोर आम्ही दोघी बसलो आहोत. एक इथलीच, कोरेगाव तालुक्यातली. दुसरी वेंगुर्ल्याची, या बोलण्यासाठी मुद्दाम रात्रीच्या एसटीनं आलेली. नातं विहीणबाईंचं. एकीची लेक ती दुसरीची सून. वाचणार एकच जण आहे, पण लिहून काढलंय दोघींनी मिळून, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ म्हणायचं ठरवलं. कुठे कुणाचं चुकलं ते कळणार नाही, हा त्यातला एक फायदा.

गेल्या ऑगस्टच्या अखेरीस आम्हाला नात झाली. ॲमस्टरडॅमला लागून ॲम्स्टेलवेन म्हणून गाव आहे, तिथे. बाळंतपणासाठी आम्ही दोघीही आधीच जाऊन पोचलो होतो. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, वावडिंग, सगळं बॅगेत. तिथे पद्धत अशी, की बाळंतिणीच्या घरी आठवडाभर एक शिकलेली बाई रोज येते. विम्यातून तिचा खर्च होतो. आई आणि बाळ दोघांचं ती बघते, अंघोळ घालते, पाजायला शिकवते. या बाईनं आल्या आल्या खिडकी उघडली. बाळाला धुरी नाही, शेक नाही, बिछान्यात गरम पाण्याची धातूची बाटली गुंडाळून ठेवायची, झालं. त्या आठवड्यात आम्हा दोघींचं फार छान जमलं, कारण तक्रार करायला तिसरी होती.

एक गोष्ट मात्र तिच्याकडून आवडली. बाळ बघायला येणाऱ्यांना तिथे गोल टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळलेली बडीशेपेसारखी बारीक दाणेदार गोळी पसरून देतात. मुलगी झाली की गुलाबी-पांढरी, मुलगा झाला की निळी-पांढरी. नाव विचारलं तर म्हणाली, ‘चिमुकले उंदीर’! शेपटीसारखा देठ राहतो ना दाण्याला, म्हणून. त्या दाण्यानं आईला दूध येतं, असं त्यांच्याकडेही जुन्या बायका मानत आल्यात. आम्ही बाळंतशोपेचा डबा तिच्यापुढे उघडला. तिनं वास घेतला आणि हसली.

ती गेली आणि आमचं बिनसलं.

तिकडे बाळंतपणाची रजा सगळी मिळून १६ आठवड्यांची. त्यातली काही आधीच जाते, म्हणजे बाळ अडीच महिन्यांचं झालं की आईनं कामावर. आमचा व्हिसा ९० दिवसांचा. नेमकं आम्ही परत निघायचं आणि तिची रजा संपायची, एकच आठवडा. बाळ पाळणाघरात ठेवणार हे ऐकून आमच्या पोटात गोळा आला. एक म्हणाली, “नोकरी सोडायची नाही, बाळाला आम्ही दोन वर्षं कोरेगावला नेतो.” दुसरी म्हणाली, “आईपासून लेकरू तोडायचं? त्यापेक्षा तिनंच दोन वर्षं घरी बसावं.” पुढे काय काय बोललो ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. चार दिवस अबोला. बोलायचंच झालं तर बाळाच्या तोंडून. “सांग गं बाळे तुझ्या आजीला, आमटी अळणी झालीय.” पोरगी दोघींकडे बघत गप्प राहायची.

पाचव्या दिवशी जावयानं, म्हणजे दुसरीच्या लेकानं, आमच्या हातात दोन तिकिटं ठेवली. आठ माणसांची छोटी गाडी, एक वाटाड्या, एका दिवसात तीन शहरं: रॉटरडॅम, डेल्फ्ट आणि हेग. “आई, काकू, उद्या दोघी जाऊन या.” घरातून आमची पाठवणी होतेय, हे आम्हाला कळत होतं.

सकाळी साडेआठला गाडी. दिवस ऑक्टोबरचा, पाऊस असा की भिजवत नाही पण सोडतही नाही. ट्यूलिपची फुलं या दिवसांत नसतात, तेव्हा तेवढ्यासाठी जाणार असाल तर एप्रिलात जा. वाटाड्या एक बाईच निघाली, साठीच्या आसपासची, गाडीही तीच चालवणार. रंग आपल्यासारखा, नाक-डोळे आपल्यासारखे. आम्हाला बघून तिनं हात जोडून ‘राम राम’ म्हटलं. आम्ही चाटच. तिचे पूर्वज आपल्याकडचे, बिहारकडचे. त्याबद्दल पुढे सांगतो.

विमानतळाजवळून जाताना ती म्हणाली, आत्ता तुम्ही तळ्याच्या तळाशी आहात. खरंच होतं ते. शिपोल विमानतळाची जमीन समुद्रसपाटीच्या तीनएक मीटर खाली आहे. तिथे पूर्वी मोठं तळं होतं, वादळात काठची गावं खायचं. १८४९ ते १८५२ अशी तीन वर्षं वाफेचे पंप रात्रंदिवस चालवून ते उपसून काढलं. आजही पंप चालूच ठेवावे लागतात. आम्ही पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या बायका, आम्हाला उपसण्याचं कौतुक वाटेल की हेवा, हेच कळेना.

रॉटरडॅमला आम्ही जुनं शहर बघायला म्हणून उतरलो आणि सगळं नवंच दिसलं. १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी भर दुपारी बॉम्ब टाकले. पाव तासाच्या हल्ल्यात आणि मागून भडकलेल्या आगीत शहराचा मधला भागच गेला. आठशेवर माणसं मेली, ऐंशी हजारांच्या आसपास बेघर झाली. आग जिथवर पोचली, त्या रेषेवर आता फरसबंदीत दिवे बसवलेत. आपण चालता चालता ती ओलांडतो. एक पुतळा आहे, झाडकिन नावाच्या शिल्पकाराचा, १९५३ सालचा: हात वर फेकलेला माणूस, आणि छातीपोटाच्या जागी आरपार भोक. त्याच्यासमोर आम्ही एकमेकींच्या शेजारी उभ्या राहिलो, चार दिवसांत पहिल्यांदा.

मग तिरप्या ठोकळ्यांची पिवळी घरं पाहिली. एक घर तिकीट काढून आतून बघता येतं. भिंती सगळ्या कलत्या. “इथे कपाट कुठे लावायचं?” हे आमच्यातली एक बोलली आणि “देवघर कुठे?” हे दुसरी, आणि आपण बोललो हे लक्षात आल्यावर दोघी पुन्हा गप्प. बाजाराची नवी इमारत घोड्याच्या नालेसारखी आहे. कमानीत लोक राहतात, खाली भाजी-मासळी विकतात, आणि छतावर गाडीएवढ्या फळांची चित्रं आहेत. तिथे स्वच्छतागृहाला पैसे पडतात, सुटे बरोबर ठेवा. आणि लाल रंगाच्या पट्ट्यावर चुकूनही उभ्या राहू नका. तो सायकलींचा रस्ता, सायकलवाले घंटी वाजवतात पण थांबत नाहीत.

डेल्फ्टला मात्र जीव रमला. कालवे, त्यावर लहान लहान पूल, मधे मोठा चौक. चौकाच्या एका टोकाला त्यांचं ‘नवं’ चर्च, जे सहाशे वर्षांचं आहे. त्यांच्या स्वातंत्र्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज, त्याला १५८४ साली याच गावात गोळी घालून मारलं. त्याची समाधी या चर्चमध्ये आहे. बाकी राजघराण्याची माहिती आम्ही नीट ऐकली नाही, कारण पायऱ्यांवर बसून दशम्या सोडल्या होत्या.

पण मग बाईंनी चौकातच उभं राहून व्हर्मीर या चित्रकाराची गोष्ट सांगितली, ती मात्र दोघींनी कान देऊन ऐकली. हा १६३२ साली इथेच जन्मला. बाप वारल्यावर त्याची आई चौकातली खाणावळ बघत होती. यानं लग्न केलं कॅथरीनाशी. ती कॅथलिक, हा प्रोटेस्टंट. तिच्या आईचा, मारिया थिन्सचा, आधी विरोध होता. पुढे हाच जावई बायकापोरांसकट सासूच्याच घरात राहायला आला, चौकापासून चार पावलांवर. म्हणजे मैत्रिणींनो, हाकेच्या अंतरावर दोन विहिणी! एक खाणावळ चालवणारी, एक पैसेवाली. दोन्ही घरं आज नाहीत, पण आम्ही दोघी त्या जागा बघत राहिलो. बोलत असतील का त्या एकमेकींशी? की नातवंडांच्या तोंडून?

१६७२ ला फ्रान्सशी युद्ध झालं, चित्रं विकली जाईनात, आणि १६७५ ला ४३ व्या वर्षी व्हर्मीर गेला. मागे अकरा मुलं आणि कर्ज. पाववाल्याचीच उधारी सहाशेवर गिल्डर. कॅथरीनानं त्याला दोन चित्रं दिली, उधारीच्या बदल्यात. ज्या घरातल्या चित्रांना आज मोल नाही, तिथे मुलांच्या पावासाठी चित्र द्यावं लागलं. तिच्या कर्जाच्या व्यवहाराची देखरेख सोपवली होती लेवेनहूककडे. हा कापडाचा व्यापारी, त्यानं स्वतः भिंगं घासून पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले, शाळेच्या पुस्तकात आहे तोच. दोघांचा जन्म एकाच वर्षातला, एकाच गावातला.

निळी चिनी माती, म्हणजे डेल्फ्टची निळाई, ती खरं तर चीनची नक्कल. डच ईस्ट इंडिया कंपनी चीनहून भांडी आणायची. तिकडे यादवी झाली, माल येईना, तेव्हा इथल्या कुंभारांनी बंद पडलेल्या दारूभट्ट्यांच्या जागेत तशी भांडी करायला घेतली. त्या काळातला १६५३ सालचा एक कारखाना अजून चालू आहे. तिथे बायका बारीक कुंचल्यानं रंगवत बसलेल्या पाहिल्या. रंग काळा! निळं काहीच नाही. भट्टीत गेल्यावर तो काळा निळा होतो. तोवर काय रंगवलंय ते डोळ्यांनी कळत नाही, हाताला ठाऊक असतं.

याच कंपनीची एक कचेरी डेल्फ्टमध्ये होती. आणि याच कंपनीनं १६३७ साली वेंगुर्ल्याला वखार टाकली. तिचे पडके दगड आमच्यातल्या एकीच्या रोजच्या वाटेवर. तिथे ही लहानपणी लपंडाव खेळलेली. बाईंना ते सांगितल्यावर त्यांनी गाडीतल्या सगळ्यांना सांगितलं, आणि सगळे वेंगुर्ल्याकडे वळून बघायला लागले. दुसरीनंही जरा अभिमानानं सांगितलं, “आमच्या विहीणबाई.”

हेगला पोचलो तेव्हा चार वाजले होते. राजधानी ॲमस्टरडॅम, पण सरकार बसतं हेगला. शांतता महाल बाहेरून पाहिला, १९१३ चा. आंतरराष्ट्रीय न्यायालय याच इमारतीत. आपल्या सांगलीत जन्मलेल्या कुलभूषण जाधवांचा खटला इथेच चालला, जुलै २०१९ मध्ये निकाल लागला, की पाकिस्ताननं त्यांना भारतीय वकिलातीची भेट द्यायलाच हवी होती आणि शिक्षेचा फेरविचार होईपर्यंत फाशी देता येणार नाही. टीव्हीवर त्या दिवशी हीच इमारत दाखवत होते. मग संग्रहालयात व्हर्मीरची मोत्याच्या डुलाची मुलगी पाहिली. एवढीशी, हातभर सुद्धा नाही. १८८१ साली लिलावात ती दोन गिल्डर तीस सेंटला गेली होती. पोरगी मागे वळून बघते तशी, जशी हाक मारल्यावर आपली लेक बघते.

शेवटी बाईंनी आम्हाला रोटी खायला नेलं. पातळ, पोटात डाळीचं पीठ भरलेली, सोबत बटाटा आणि हातभर लांब चवळीच्या शेंगांची भाजी. बोलणं झालं ते आमच्या मोडक्या हिंदीत आणि त्यांच्या सरनामीत. ५ जून १८७३ ला कलकत्त्याहून निघालेलं पहिलं जहाज दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला पोचलं, डच मळ्यांवर पाच वर्षांच्या करारानं मजूर घेऊन. १९१६ पर्यंत चौतीस हजारांवर माणसं गेली. बाईंची पणजी त्यातलीच, पोटाशी लेकरू घेऊन. १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र झालं, त्या सुमारास हजारो कुटुंबं हॉलंडला आली, हेगला सगळ्यात जास्त.

आम्ही विचारलं, तुमची मुलं कुणी सांभाळली? त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. दोन दिवस पाळणाघर, एक दिवस आजी, एक दिवस बाप, उरलेला त्या स्वतः. “बापाचा दिवस?” आम्ही दोघी एकदमच. हो, म्हणाल्या, त्याला नावच आहे इथे, ‘पापादाख’. आता तर कायदाही आहे. बाळ वर्षाचं होईपर्यंत आई आणि बाप दोघांनाही नऊ-नऊ आठवड्यांची रजा, ७० टक्के पैसे मिळतात. आठवड्याला एकेक दिवस घेतली तर ४५ आठवडे पुरते.

परतीच्या वाटेवर गाडीत अंधार होता. चार दिवस आम्ही भांडलो, कोरेगाव की ॲम्स्टेलवेन, नोकरी की घर. त्या सगळ्या भांडणात बाळाच्या बापाचं नाव एकदाही निघालं नव्हतं. दोघींनी एकमेकींना हे सांगितलं नाही. एकीनं नुसतं म्हटलं, “अहो, विचारलंच नाही आपण त्यांना.” दुसरी म्हणाली, “नाही विचारलं.”

घरी गेल्यावर विचारलं. जुलैतच अर्ज देऊन झाला होता. बुधवार त्याचा, शुक्रवार तिचा, तीन दिवस पाळणाघर. “सांगितलं का नाहीस?” तर पोरगी म्हणाली, “तुम्ही दोघी बोलत होतात.”

पाळणाघर आमच्यातल्या एकीला अजून पटलेलं नाही, ते खोटं सांगत नाही. पण दर बुधवारी दुपारी व्हिडिओ कॉल येतो, आणि पोरगा एका हातानं बाळ धरून दुसऱ्या हातानं मऊ भात कालवत असतो. भात कोरडा झालाय, पाणी घाल, हे आम्ही दोन जिल्ह्यांतून एकाच वेळी ओरडतो.

डेल्फ्टमध्ये एक जुनी टाइल घेतली होती, भोवरा फिरवणाऱ्या पोराची. दोघींच्या पैशांत मिळून एकच परवडली. सध्या ती कोरेगावला ओट्यामागे लावून ठेवलीय, सिमेंट न लावता. उद्याच्या एसटीनं वेंगुर्ल्याला जाईल.