लहान ट्रॅक्टरास साजेसा रोटाव्हेटर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि स्नेहभोजन यांच्या मधल्या वेळात एका लोखंडी अवजारावर बोलावयास उभे राहणे थोडे धाडसाचेच होय. परंतु आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरे अद्याप शेतीवर आहेत. वाटण्या होऊन वाट्यास आलेल्या दोन-तीन एकरांत बैलजोडी पोसणे परवडत नाही आणि मोठा ट्रॅक्टर वळत नाही. म्हणून १५ ते २५ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर अनेकांच्या दारी आला आहे. त्याच्या मागोमाग रोटाव्हेटर येतो, आणि तो बहुधा शेजाऱ्याने घेतला तोच येतो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर निराळा आणि जमीनही निराळी, हे मागाहून ध्यानी येते.

हे यंत्र तसे जुने आहे. १९१२ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स प्रांतात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी माती उकरण्याचे प्रयोग आरंभिले. माती बाजूस फेकली जाऊ नये म्हणून त्याने पात्यांस इंग्रजी 'एल' अक्षराचा आकार दिला. आज आपल्या गावोगावी दिसतात ती पाती त्याच वळणाची. (या यंत्राचे इंग्रजी नाव उलट वाचले तरी तेच राहते, ही गंमत मुलांनी घरी लिहून पाहावी.)

आता निवडीकडे वळू. पहिला प्रश्न रुंदीचा. ट्रॅक्टरच्या मागील दोन्ही चाकांचे बाहेरून बाहेरपर्यंत अंतर टेपाने मोजावे. रोटाव्हेटरची नांगरट त्याहून किंचित अधिक रुंद हवी, म्हणजे चाकाने दाबलेली माती मागे पुन्हा मोकळी होते. परंतु रुंदी वाढवावी तशी शक्तीही अधिक लागते. १८ अश्वशक्तीच्या इंजिनातून पी.टी.ओ.वर सुमारे १५ अश्वशक्तीच पोचते. तेवढ्यावर एक मीटर, म्हणजे सव्वातीन फुटांचे यंत्र सुखाने चालते. भारी काळ्या जमिनीत चार फुटांचे यंत्र इंजिनाचा दम काढते. रुंदी कमी पडत असेल तर यंत्र एका बाजूस सरकवून जोडता येते का, ते विक्रेत्यास विचारावे. निदान एका चाकाची खूण तरी त्याने पुसली जाते. द्राक्षबागायतदारांस ही सोय दुहेरी उपयोगी, कारण यंत्र वेलीच्या ओळीजवळ पोचते आणि ट्रॅक्टर मात्र दूर राहतो. बागेत ओळीतील सर्वांत अरुंद जागा मोजावी, आणि यंत्राची बाजूची चौकट धरून एकूण रुंदी विचारावी. पत्रकात केवळ नांगरटीची रुंदी छापलेली असते.

दुसरी गोष्ट वजनाची. यंत्र उचलताच ट्रॅक्टरचे पुढील चाक हलके होऊन सुकाणू ऐकेनासे होते. खरेदीपूर्वी यंत्र जोडून, उचलून, चढावर चालवून पाहावे. पुढे वजने लावावी लागत असतील तर तो खर्चही आधीच धरावा. बुदनी येथील केंद्रीय संस्थेत शेतीयंत्रांच्या चाचण्या होतात. निवडलेल्या नमुन्याचा चाचणी अहवाल मागून घ्यावा आणि त्यात नोंदलेली लागणारी शक्ती आपल्या ट्रॅक्टरशी ताडून पाहावी. मुरमाड, दगडगोट्यांच्या जमिनीत घसरता क्लच असलेले यंत्र बरे. केवळ तुटणारा बोल्ट असेल तर तो तुटण्यासाठीच दिलेला आहे. त्याच्या जागी कठीण पोलादाचा बोल्ट घालणे म्हणजे गिअरबॉक्स पणास लावणे.

जोडणीत सर्वाधिक महत्त्व पी.टी.ओ. शाफ्टास आहे, आणि येथे आम्ही थोडे अधिक बोलणार आहो. हा शाफ्ट एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. यंत्र सावकाश वर-खाली करून पाहावे. शाफ्ट सर्वांत आखूड होतो त्या स्थितीतही नळी आतून टेकण्यास दोन-तीन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. सर्वांत लांब होतो त्या स्थितीत नळ्या निदान एक-तृतीयांश एकमेकींत राहिल्या पाहिजेत. फार लांब शाफ्ट ट्रॅक्टरची बेअरिंग फोडतो, फार आखूड शाफ्ट फिरता फिरता सुटून हाणतो. दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत बसवावेत. ते तिरपे बसले तर यंत्र थरथरत चालते, आणि चालक मात्र दोष पात्यांस देतो.

सामाईक यंत्राची अडचण येथेच आहे. तीन भावांनी मिळून रोटाव्हेटर घ्यावा ही कल्पना आम्हांस मनापासून मान्य आहे. पण तीन ट्रॅक्टर तीन तऱ्हांचे असतील तर एकाच्या मापाने कापलेला शाफ्ट दुसऱ्यास आखूड पडतो. प्रत्येक ट्रॅक्टराचा शाफ्ट स्वतंत्र असावा. हा खर्च वाटणीच्या वेळीच बोलून घ्यावा, पुढील रुसवेफुगवे टळतात.

शाफ्टावरील प्लास्टिकचे आवरण अडगळ समजून काढून टाकण्याची खोड सर्वत्र दिसते. भगिनींनी हे विशेष लक्षपूर्वक ऐकावे. शाफ्ट मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे घेतो. योकची जाडी दहा सेंटिमीटर धरली तर एका फेऱ्यात सुमारे एक फूट कापड गुंडाळले जाते. एक वार पदर ओढला जाण्यास अर्धा सेकंदही लागत नाही. ओरडण्यासही तेवढा वेळ पुरत नाही. पदर, ओढणी, उपरणे, सैल धोतर यांपैकी काहीही अंगावर असलेल्या माणसाने फिरत्या शाफ्टाजवळ जाऊ नये, आणि फुटलेले आवरण बदलल्यावाचून यंत्र शेतात नेऊ नये.

यंत्र कामाच्या खोलीवर असताना दोन्ही बाजूंनी समतल हवे. उजव्या आर्मच्या स्क्रूने ते साधते. पुढे-मागे कल टॉप लिंकने असा ठेवावा की गिअरबॉक्सचा दांडा ट्रॅक्टरच्या दांड्यास समांतर राहील. खोली बाजूच्या घसरपट्ट्यांनी ठरवावी. द्राक्षाच्या ओळीत तीन-चार इंच पुरे. तेथे पांढरी मुळे वरच्या थरात असतात. पाती बसवताना धार फिरण्याच्या दिशेस यावी. कडेच्या फ्लँजवरील पाती आत वळलेली असावीत.

वेगाविषयी एक हिशेब. ताशी ३ किलोमीटर म्हणजे मिनिटास ५० मीटर. रोटर मिनिटास २०० फेरे घेत असेल आणि फ्लँजवर एका अंगाची तीन पाती असतील तर मिनिटास ६०० घाव पडतात, म्हणजे दर घावास सुमारे आठ सेंटिमीटर माती. वेग दुप्पट केला की तो घास सोळा सेंटिमीटरांवर जातो आणि ढेकळे राहतात. मागची फळी खाली सोडली तर माती बारीक होते, उचलली तर जाड राहते. कांद्याच्या रोपांस बारीक चालेल; एरवी पिठासारखी माती पाहून हरखू नये, पहिल्या पावसात ती थापटून पापडी धरते.

वाफसा नसताना हे यंत्र घालू नये. ओल्या काळ्या जमिनीत पाती खालचा थर घासून गुळगुळीत करतात, आणि दरवर्षी त्याच खोलीवर फिरवले तर तेथे घट्ट तळ बनून पाणी वर तुंबते. हराळी व लव्हाळा माजलेल्या शेतात तर ते लावणीचेच यंत्र ठरते. कांड्यांचे तुकडे सर्वत्र पसरून प्रत्येकास कोंब फुटतो.

नव्या यंत्राचे सर्व बोल्ट पहिल्या तासाभरानंतर पुन्हा आवळावेत आणि गिअरबॉक्समधील ९० नंबरचे तेल पाहावे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या यंत्राच्या क्लचच्या पट्ट्या गंजून चिकटतात. हंगामापूर्वी स्प्रिंग सैल करून क्लच एकदा घसरवून घ्यावा आणि पुन्हा मापाने आवळावा. पात्यांत अडकलेले पाचट काढण्यापूर्वी इंजिन बंद करावे, यंत्राखाली लाकडी ठोकळे द्यावेत, आणि ट्रॅक्टरची किल्ली खाली वाकणाऱ्यानेच आपल्या खिशात ठेवावी.