तुमचा डेटा खातंय कोण?



गोवंडीच्या शिवाजीनगरात, बैंगनवाडीत कितीतरी घरांचं इंटरनेट म्हणजे एका मोबाइलचा हॉटस्पॉट. त्यावरच धाकट्याचा अभ्यास आणि थोरलीचा सीईटीचा फॉर्म. रोजचे दीड-दोन जीबी संपले की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने एक एमबीचा फोटो चढवायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तोवर सेशन संपतं, फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरायचा आणि पोर रडकुंडीला येते. म्हणून आज एवढंच सांगायचंय : फॉर्मला बसण्याआधी डेटा कोण खातंय ते बघा.

व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा फोनच्या तारेवरून ९.६ केबीपीएस मिळायचे. पण लाइन आपण लावायचो आणि काम झालं की आपणच तोडायचो. आताचा लॅपटॉप जोडला गेला, की विंडोजचं अपडेट, वनड्राइव्ह, अँटिव्हायरस, खेळांचे प्रोग्रॅम असे सगळे आपणहून कामाला लागतात. चाळीत एकाने नळाला मोटर लावली, की बाकीच्यांच्या हंड्यात थेंब थेंब पडतं, तशी गत होते.

तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘नेटवर्क’ नावाचा रकाना आहे, त्याच्या डोक्यावर क्लिक केलंत की सर्वांत जास्त डेटा ओढणारा प्रोग्रॅम वर येतो. महिनाभराचा हिशेब हवा असेल, तर सेटिंग्जमध्ये ‘डेटा युसेज’ बघा.

दुसरं काम सगळ्यात मोलाचं. लॅपटॉपला सहसा हॉटस्पॉट आणि ऑफिसचं वायफाय यातला फरक कळत नाही, तो आपण सांगावा लागतो. वायफायच्या सेटिंग्जमध्ये तुमच्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मग विंडोज आपली बहुतेक अपडेट आपणहून उतरवत नाही. फोनवरही ‘डेटा सेव्हर’ लावा.

आता एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. फोटोंचा बॅकअप हा वर जाणारा डेटा, त्याचा उतरणाऱ्या डेटाशी काय संबंध, असं आपल्याला वाटतं. पण पान उतरत असताना आपल्या बाजूने ‘मिळालं, पुढचं पाठवा’ अशा पोचपावत्या सतत वर जात असतात. वरची वाट फोटोंनी तुंबली की पावत्या अडकतात, आणि पान उघडायचंही रखडतं. लग्नाहून आलेल्या रात्री सगळ्या घराचं नेट बसतं, त्यामागे बरेचदा हेच असतं. म्हणून फॉर्म भरताना फोटोंचा बॅकअप थांबवा. विंडोजमध्ये अपडेटखाली ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ आहे, तेही बंद करा. त्यातून उतरलेलं अपडेट तुमच्या लॅपटॉपवरून दुसऱ्यांनाही पाठवलं जाऊ शकतं.

एवढं करूनही एखादा प्रोग्रॅम ऐकत नसेल, तर विंडोजचा फायरवॉल वापरा. एरवी तो बाहेरून येणाऱ्याला अडवतो, आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा मोकळं सोडतो. त्याच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘आउटबाउंड रूल्स’मध्ये जा, नवा नियम घ्या, तो प्रोग्रॅम दाखवा आणि ‘ब्लॉक’ म्हणा. फक्त ‘सर्व्हिस होस्ट’ हे नाव यादीत दिसलं तर त्याला हात लावू नका. वेबसाइटचा पत्ता शोधण्यासारखी कामंही त्याच्यातूनच चालतात. तो अडवलात तर सगळंच नेट बंद पडेल.

आणि अपडेट कायमची बंद ठेवू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. रोजचा कोटा बहुधा मध्यरात्री नव्याने मिळतो. म्हणजे रात्री अकराला जेवढा उरला असेल, तो वायाच जाणार. तेवढ्यात ‘डाउनलोड’ दाबून अपडेट उतरवून घ्या.