इंधन घटातील पटल : मिश्रणाची आणि आडबंधांची कथा



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत रसायनशास्त्रातील विषय मांडण्याची मोकळीक आपण मला दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटेल. परंतु सुरतकरांना तो परका नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हजिऱ्याच्या लार्सन अँड टुब्रोच्या संकुलात पाण्याचे विघटन करून दररोज ४५ किलो हायड्रोजन निर्माण करण्याची सोय झाली. जानेवारी २०२३ मध्ये कवासच्या एनटीपीसी वसाहतीत घरोघरी नळाने येणाऱ्या गॅसमध्ये हायड्रोजन मिसळण्यास प्रारंभ झाला. हायड्रोजन असा आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे. तो जाळून उष्णता आणि उष्णतेपासून वीज, हा वळसा टाळून सरळ वीज देणारे साधन म्हणजे इंधन घट. त्या घटाचे मर्म असलेल्या एका पातळ पापुद्र्याविषयी, म्हणजे पटलाविषयी, मी आज बोलणार आहे.

घटाच्या एका बाजूस हायड्रोजन असतो, दुसऱ्या बाजूस हवा. प्लॅटिनमच्या सान्निध्यात हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन विलग होतात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून येतात. तीच आपली वीज. प्रोटॉन पटलातून पलीकडे जातात आणि तेथे प्राणवायूशी संयोग होऊन पाणी होते. पटलाने प्रोटॉनला वाट द्यायची, मात्र दोन्ही वायूंना आणि इलेक्ट्रॉनला अडवायचे. शिवाय हे काम ओलाव्यात, उष्णतेत आणि आम्लात हजारो तास करायचे. द्वारपालाची ही कामगिरी सोपी नव्हे.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील विलार्ड थॉमस ग्रब यांनी १९५५ च्या सुमारास अशा घटात बहुवारिकाचे पटल वापरण्याची कल्पना पुढे आणली. ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी ५ या अंतराळयानास अशाच घटांनी वीज पुरवली. ते पटल सल्फोनिक आम्लगट जोडलेल्या पॉलिस्टायरीनचे होते आणि घटातील रासायनिक माऱ्यापुढे त्याची साखळी हळूहळू तुटत असे. पुढे ड्यू पाँ कंपनीतील वॉल्थर ग्रोट यांनी फ्लोरीनयुक्त नॅफिऑन सिद्ध केले. ते टिकाऊ ठरले, आणि आजही तुलना त्याच्याशीच होते. पण ते महाग आहे. त्यातील प्रोटॉन पाण्याच्या आधाराने प्रवास करतात. त्यामुळे साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर पटल कोरडे पडू लागते. अशी पटले प्रामुख्याने परदेशी कंपन्या बनवतात. त्यातच २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी दीर्घकाळ न विघटणाऱ्या फ्लोरीनयुक्त रसायनांवर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. तेव्हा पर्यायाचा शोध हा केवळ विद्वानांचा छंद राहिलेला नाही.

पर्याय म्हणून पॉलिइथर-इथर-कीटोनसारखे स्वस्त बहुवारिक घेऊन तीव्र गंधकाम्लाने त्यास आम्लगट जोडता येतात. आम्लगट जितके अधिक, तितके प्रोटॉनचे वहन सुलभ. पण तितकेच पटल पाणी पिऊन फुगते आणि अखेर गरम पाण्यात विरघळूही शकते. गुण आणि दोष एकाच मुळातून फुटतात, हीच खरी अडचण. तीवर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय आडबंधांचा. आपल्या गावात त्याचे उदाहरण सहज सापडते. ताण्याला खळ देण्यासाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल वापरतात. कापड विणून झाले की गरम पाण्यात ते धुऊन निघते. कारखान्यात हवाहवासा असलेला हा गुण घटात घातक ठरेल. परंतु ग्लुटराल्डिहाइडसारख्या रसायनाने त्याच्या शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींस बांधल्या, तर तेच द्रव्य पाण्यात टिकून राहते. नुसत्या उभ्या धाग्यांना आडव्या धाग्यांनी स्थैर्य यावे, तसे हे आहे. मात्र बंध फार झाले, तर पटल ठिसूळ होते आणि प्रोटॉनची वाटही अरुंद होते.

दुसरा उपाय मिश्रणाचा. दोन बहुवारिके एकत्र करणे सोपे, ती एकत्र नांदवणे अवघड; बहुतेक जोड्या कालांतराने विलग होतात. म्हणून आम्लधर्मी बहुवारिकाशी पॉलिबेन्झिमिडाझोलसारखे अल्कधर्मी बहुवारिक जोडतात. जर्मनीत योखेन केरेस यांनी १९९० च्या दशकात या मार्गाचा विस्तार केला. आम्ल आणि अल्क यांच्या परस्पर ओढीनेच येथे आडबंध निर्माण होतात, आणि ते रासायनिक गाठीइतके ताठ नसतात. त्यांचीही किंमत आहे : बंधात गुंतलेला आम्लगट वहनास उरत नाही. पॉलिबेन्झिमिडाझोल हे मूळचे अग्निशामकांच्या पोशाखांच्या धाग्याचे द्रव्य. अमेरिकेत १९९५ मध्ये त्यात फॉस्फोरिक आम्ल मुरवून केलेले पटल १०० अंशांच्या वरही वहन करते, असे दाखवले गेले. एवढ्या तापमानास अशुद्ध हायड्रोजनमधील कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला कमी बाधतो.

आपल्या देशातही या विद्येची परंपरा आहे. खंभातच्या आखातापलीकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने पॉलिइथिलीनच्या सोबतीने आडबंधयुक्त पॉलिस्टायरीन गुंफून मचूळ पाणी गोडे करण्याची पटले घडवली. हेतू निराळा, पण युक्ती तीच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटी कंपनीसमवेत विकसित केलेल्या इंधन घटावर ऑक्टोबर २०२० मध्ये मोटारीची चाचणी झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बस पुढे आली. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने १०० वॅट श्रेणीच्या अशा घटाची अंतराळात परीक्षा घेतली.

तथापि एक विवेक राखला पाहिजे. चार बोटे रुंदीच्या पटलाने प्रयोगशाळेत उत्तम वहन दाखवले, म्हणून ते यशस्वी म्हणता येत नाही. वारंवार ओले-कोरडे होत, बंद-चालू होत हजारो तास चिरा न जाता ते टिकले पाहिजे, आणि सारख्या जाडीने लांबच लांब ओतता आले पाहिजे. पहिले काम रसायनशास्त्रज्ञाचे, दुसरे कारागिराचे. धाग्यांचे मिश्रण, ताण आणि खळ यांचे ज्ञान ज्या शहराच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या शहरातील, आणि उधना-लिंबायतच्या मराठी कामगार घरांतील, मुलांनी या विद्येकडे वळावे, असे मला मनापासून वाटते. त्यांच्यासाठी आपल्या ग्रंथालयाने दुसऱ्या शतकात मराठी विज्ञानग्रंथांचे एक कपाट वाढवावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.