मॉस्कोतील देवी आणि करीमगंजचा फलाट
(अभ्यासवर्गातील भाषण)



१९५९ च्या डिसेंबरात सोव्हिएत पोस्टर-चित्रकार अलेक्सेई कोकोरेकिन भारताचा दौरा आटोपून मॉस्कोला परतले आणि आठवडाभरातच रुग्णालयात मरण पावले. त्यांना देवी झाली होती. परंतु त्या देशातून देवी हद्दपार होऊन वीसहून अधिक वर्षे लोटली होती. बहुतेक डॉक्टरांनी ती कधी पाहिलेलीच नव्हती. निदान झाले ते जानेवारीच्या मध्यास, रुग्णालयातील इतर माणसे आजारी पडल्यावर. मॉस्कोच्या या पराक्रमाचे वर्णन करताना आपण ही दिरंगाई गाळतो. ती गाळू नये.

पुढील काम मात्र विलक्षण शिस्तीने झाले. चित्रकाराला कोण भेटले, त्याने आणलेल्या भेटवस्तू कोणाच्या घरी गेल्या, कोणत्या जुन्या मालाच्या दुकानात विकल्या गेल्या, याचा माग काढण्यात आला. नऊ हजारांहून अधिक लोकांवर देखरेख ठेवली गेली आणि लक्षावधी नागरिकांना लस टोचण्यात आली. लागण पन्नासांच्या आत थांबली, तिघे दगावले. देवीची लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारणतः बारा दिवस जातात आणि तोवर तो मनुष्य दुसऱ्यास रोग देत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत लस मिळाल्यास तो बहुधा बचावतो. यादीचे सारे सामर्थ्य या थोड्या दिवसांत आहे.

(हा मजकूर अनुवादित करताना मी 'संपर्क' हा शब्द योजला, तेव्हा मुद्रिते तपासणाऱ्या सहकाऱ्याने विचारले, हे पक्षकार्याचे वृत्त आहे काय? तसे पाहता दारोदार हिंडणे दोन्हीकडे आलेच.)

आता आपल्याकडे पाहू. मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज रेल्वे स्थानकावर बांगलादेशातून आलेली एक निराधार स्त्री देवीने आजारी आढळली. भारतातील तो अखेरचा रुग्ण. चित्रकाराच्या भेटीगाठींना नावे होती, पत्ते होते. फलाटावर शेजारी निजलेल्या माणसाला पत्ता कोठला?

त्या अखेरच्या मोहिमेत रुग्णाच्या दारावर अहोरात्र पहारेकरी बसवीत. पण नुसत्या पहाऱ्याने भागत नाही. हातावर पोट असलेला मनुष्य रोज बुडू लागला की मागच्या दाराने निसटतो, आणि त्याच्याबरोबर रोगही. म्हणून घरात अडकलेल्या कुटुंबाच्या अन्नाची तरतूद करण्यात येई. पहारेकरी बहुधा त्याच गावचे असत, आणि त्यांनाही रोज मिळे.