जनुकीय माहितीचे जतन : एक सार्वजनिक गुंतवणूक

डीएनए क्रमनिर्धारणाचा खर्च गेल्या दोन दशकांत झपाट्याने घटला. त्यातून मिळणाऱ्या माहितीच्या जतनाचा खर्च मात्र दरवर्षी येतच राहतो. प्रचलित यंत्रे मानवी जनुकसंच सलग न वाचता त्याचे कोट्यवधी लहान तुकडे वाचतात. ‘क्रॅम’ ही संगणकीय पद्धत संदर्भ जनुकसंचाशी जुळणारा भाग वगळून केवळ फरक साठवते. त्यामुळे जागा वाचते. मात्र तो संदर्भही जपावा लागतो.

फरिदाबाद येथे २०२२ मध्ये ४ पेटाबाइट साठवणक्षमतेचे भारतीय जैविक माहिती केंद्र राष्ट्राला अर्पण झाले. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये तेथून संशोधकांना नियंत्रित स्वरूपात उपलब्ध झाली. सार्वजनिक निधीतून निर्माण झालेली माहिती सुरक्षित आणि पुन्हा वापरण्याजोगी राहिली, तरच त्या निधीचे सार्थक होते.