पडद्यावरचे डॉक्टर आणि घरातला दुभाषी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



मोमिनपुऱ्यापासून मेयो रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. तरीही आपल्या कित्येक माताभगिनी दुखणे अंगावर काढतात. सोबत जायला माणूस मोकळा नसतो, रांगेत सकाळ जाते, मजुरी बुडते. अशा घरांसाठी आता एक सोय झालेली आहे. 25 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने दुरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम प्रसिद्ध केले आणि पुढच्याच महिन्यात 'ई-संजीवनी'ची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. मोबाईल क्रमांक नोंदवावा, टोकन घ्यावे, पडद्यावर डॉक्टरांशी बोलावे. औषधाची चिठ्ठीही मोबाईलवरच येते, आणि याला पैसे पडत नाहीत.

मोबाईल मात्र बहुधा तुम्हा विद्यार्थ्यांच्या हाती असतो. म्हणून आज मला विशेषतः तुमच्याशी बोलावयाचे आहे.

माझ्या ओळखीच्या एका घरी अम्मींनी सांगितले, "जी घबरा रहा है." मुलाने डॉक्टरांना मराठीत सांगितले, "अम्मी घाबरली आहे." घाबरणे निराळे आणि जीव घाबरा होणे निराळे! डॉक्टर अनुभवी होते. त्यांनी विचारले, "घाम येतो का? छातीवर दाब वाटतो का?" तेव्हा कळले की अम्मी पहाटेपासून घामाने भिजत होत्या. डॉक्टरांनी बोलणे तिथेच थांबवून त्यांना ताबडतोब रुग्णालयात न्यायला सांगितले.

आपल्या घरात उर्दू आणि शाळेत मराठी, त्यामुळे हे दुभाष्याचे काम तुमच्यावर येणारच. तेव्हा अम्मींचे शब्द जसेच्या तसे सांगा, आपल्या मनाने सुधारू नका. शक्यतो त्यांनाच बोलू द्या. नागपूरच्या डॉक्टरांना हिंदी समजते. आणि काही दुखणी आई मुलासमोर सांगत नाही. अशा वेळी मोबाईल बहिणीच्या किंवा खालांच्या हाती देऊन खोलीबाहेर जावे. यात मान जात नाही.

सर्दी-खोकला, रक्तदाब-साखरेची नेहमीची विचारपूस, जुन्या औषधांविषयी शंका, एवढ्यासाठी हा मार्ग उत्तम. ताप आधीच मोजून ठेवा, गोळ्यांची पाकिटे जवळ असू द्या. पोटाला हात लावून पाहणे पडद्यावरून होत नाही, म्हणून डॉक्टरांनी "समक्ष या" म्हटले तर रागावू नये. झोपेच्या बऱ्याचशा गोळ्या नियमानेच अशा सल्ल्यावर मिळत नाहीत. अठरा वर्षांखालील रुग्णासोबत वडील माणूस हवाच.

छातीत दुखणे, धाप, बेशुद्धी, तोंड वाकडे होणे, यांत टोकनची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, रुग्णवाहिका विनामूल्य येते. आणि साध्या आजारातही फोन ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे विचारून वहीत लिहून घ्या: "काय दिसले तर आम्ही घरी थांबायचे नाही?"