दुर्मीळ नव्हे, अविभक्त!

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘दुर्मीळ मृदा व राष्ट्राचे भवितव्य’ असा छापलेला आहे. त्यांपैकी राष्ट्राचे भवितव्य कार्यवाहांनी आपल्या मर्जीने माझ्या पदरात घातले असून त्याचा मी आताच सविनय राजीनामा देतो (हशा). आणि उरलेल्या दोन शब्दांपैकी ‘दुर्मीळ’ या शब्दाविरुद्ध तर मी गेली तेवीस वर्षे फिर्याद चालवीत आलो आहे. चीनने चुंबकांची निर्यात आवळली म्हणजे आपल्या मोटारींच्या कारखान्यांत कशी धावपळ होते, हे आपण वर्तमानपत्रांत वाचताच. स्वीडनमधील यट्टर्बीच्या खाणीची आणि तिच्या नावावरून चार मूलद्रव्यांचे बारसे कसे झाले याचीही कथा आपणांस पाठ असेल. तेव्हा ते सारे गृहीत धरून मी एकाच मूलद्रव्याची कैफियत आपल्यापुढे रुजू करतो. त्याचे नाव सिरियम, अणुक्रमांक 58.

प्रथम ‘मृदा’. जी पाण्यात विरघळत नाही आणि विस्तवात घातली तरी वितळत नाही अशा कोणत्याही भुकटीला जुने रसायनवेत्ते मृदा म्हणत. वस्तुतः ती धातूची ऑक्साइडे. ही जुन्या माणसांची बोलण्याची लकब होती, तिच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते पहिल्या शब्दाशी. भूकवचाच्या एका टनात सिरियम सुमारे 60 ग्रॅम भरते, म्हणजे जवळजवळ तांब्याइतके. शिसे त्याच्या पाव हिश्शाएवढेही नाही. आणि आपल्या आजीच्या पातेल्यांना दर दिवाळीपूर्वी कल्हईवाला जे कथील फासून जाई, ते तर अवघे दोन-अडीच ग्रॅम. दारात बसून भाता फुंकणाऱ्या त्या गृहस्थाला आम्ही घासाघीस करून पैसे दिले, त्याच्या कथिलाला कोणी दुर्मीळ म्हटले नाही, आणि त्याहून पंचवीस पटींनी विपुल असलेल्या पदार्थाच्या कपाळावर मात्र दुर्मीळपणाचा शिक्का कायमचा बसला! या कुळातील थुलियम हे अत्यंत विरळ समजले जाणारे भावंड, तेसुद्धा चांदीहून अधिक आहे. एका प्रोमेथियमचा अपवाद मी मान्य करतो. ते किरणोत्सर्गी असल्यामुळे टिकतच नाही, आणि जे टिकत नाही त्याच्या शिरगणतीला अर्थ नाही.

मग अडचण कसली? अडचण आहे वाटणीची. सिरियम, लँथॅनम, निओडिमियम आदी ही पंधरा-सतरा भावंडे एकाच खनिजात, एकाच चुलीवर राहतात. त्यांच्या अणूंचे आकारमान जवळजवळ सारखे, बहुतेकांची संयुजा तीन, आणि म्हणून एकाला आम्लात विरघळवावे तर सर्व विरघळतात, एकाचा साका पाडावा तर सगळे मिळून तळाशी बसतात. चार्ल्स जेम्स या रसायनज्ञाने 1911 साली शुद्ध थुलियम मिळविण्यासाठी एकाच क्षाराचे सुमारे पंधरा हजार वेळा स्फटिकीकरण केले. दिवाणी न्यायालयात वाटणीचे दावे तीन पिढ्या चालतात असे आपण म्हणतो; पंधरा हजार तारखा मात्र आपल्याकडेही कोणाला पडल्या नसतील. (हशा) म्हणून माझे म्हणणे असे की, यांना दुर्मीळ मूलद्रव्ये न म्हणता ‘अविभक्त मूलद्रव्ये’ म्हणावे. हा प्रस्ताव मी एका परिभाषा समितीकडे रीतसर पाठविला आहे, एकदा नव्हे, चार वेळा. पैकी दोन वेळा पोच आली.

आता सिरियमचा जन्मदाखला पाहू. स्वीडनमधील बास्टनेस येथील खाणीत एक जड, तांबूस दगड सापडे. क्रॉन्स्टेट या खनिजवेत्त्याने 1751 साली त्याचे वर्णन करून त्याला ‘बास्टनेसचा जड दगड’ म्हणजेच टंगस्टन म्हटले, कारण स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थच तसा. पुढे ती खाण ज्यांच्या घराण्याकडे होती त्या हिसिंगर कुटुंबातील पंधरा वर्षांच्या मुलाने तो दगड शेले या थोर रसायनज्ञाकडे परीक्षेस पाठविला. शेले हे औषधविक्रेते, प्राणवायूच्या शोधाचे एक मानकरी. त्यांनी निकाल दिला की यात टंगस्टन नाही, नवे असेही काही नाही. पोराने निकाल ऐकून घेतला आणि दगड टाकून दिला नाही, हे मला या कथेत सर्वांत मोलाचे वाटते. वीस-बावीस वर्षांनी, 1803 साली, तोच विल्हेल्म हिसिंगर बर्झेलियस या चोवीस वर्षांच्या तरुणाला हाताशी धरून पुन्हा त्याच दगडाकडे वळला, आणि या खेपेस त्यातून नवी मृदा निघाली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये क्लाप्रोटनेही स्वतंत्रपणे ती शोधली. 1 जानेवारी 1801 रोजी पियात्सीने पालेर्मोहून सिरीस ही नवी ज्योती पाहिली होती. तिचे नाव रोमन लोकांच्या धान्यदेवतेचे, आणि तिच्यावरून या मूलद्रव्याचे. सिरीसच्या नोंदीत नंतर फेरफार होत राहिले, ग्रहाचा लघुग्रह झाला आणि 2006 साली बटुग्रह. पण सिरियमच्या सातबाऱ्यावर झालेले फेरफार याहून गंभीर होते. कारण त्या एका नावाखाली आणखी मंडळी लपलेली होती. बर्झेलियसचाच शिष्य मोसांडर याने 1839 साली त्यातून लँथॅनम काढले, ज्याच्या नावाचा ग्रीक अर्थच ‘लपून राहणे’. मग डिडिमियम काढले, म्हणजे ‘जुळे’, आणि ते खरोखरीच जुळे निघाले, कारण 1885 साली आउअर या ऑस्ट्रियन रसायनज्ञाने त्याचे निओडिमियम आणि प्रासोडिमियम असे दोन तुकडे केले. सांगा, याला अविभक्त कुटुंब म्हणू नये तर काय म्हणावे?

हा आउअर माझ्या आयुष्यात फार आधी येऊन गेला, त्याचे नावही मला ठाऊक नसताना. अध्यक्षमहाराज, दोन मिनिटे विषयांतराची परवानगी द्यावी.

आमच्या कोकणातल्या गावी वीज नव्हती. जत्रेत दशावतारी नाटक देवळापुढच्या मांडवात रात्रभर चाले, आणि मांडवात दोन पेट्रोमॅक्स बत्त्या टांगलेल्या असत. त्यांतील एक आमच्या तात्यांची. तात्या म्हणजे माझे थोरले काका. बत्तीला पंप मारणे, पिन मारणे, रॉकेल गाळून भरणे ही कामे घरातील कोणीही करी. पण मेंटल बांधण्याचा अधिकार तात्यांनी कधी कोणाला कुलमुखत्यारपत्राने दिला नाही. ती जाळीची मऊ पिशवी दोऱ्याने बांधून ते काडी लावीत. ती आधी काळी पडे, आक्रसे, आणि सुताचा धागा अन् धागा जळून गेल्यावर जे पांढरे, भुरभुरीत, राखेचे लिंबू उरे त्याला हात लावायची मुभा देवालाही नव्हती. एका वर्षी आडदशावतारात संकासुराने मृदंगाच्या थापेवर अशी काही उडी घेतली की खांब हादरला, आणि तात्यांच्या बत्तीचे मेंटल निःशब्दपणे खाली गळून पडले. अर्धा मांडव काळोखात. पेटीवाला वाजवीतच राहिला, संकासुर अंदाजाने बोलत राहिला, आणि तात्यांनी मला, वय वर्षे नऊ, नव्या मेंटलसाठी घरी पिटाळले. पाऊण मैल वाट, हातात कंदील. परतताना पुडी मुठीत इतकी घट्ट आवळलेली की ती तात्यांच्या हाती दिली तेव्हा घामाने ओली झाली होती. ओले मेंटल नीट जळेना. तात्या मला काही बोलले नाहीत. उरलेली रात्र ते काळोखातल्या अर्ध्या मांडवात बसले आणि मला त्यांनी उजेडाच्या बाजूला बसविले. नंतर पुष्कळ वर्षांनी, महाविद्यालयात, सिरिक सल्फेटचे पिवळे द्रावण ब्यूरेटमध्ये भरीत असताना प्राध्यापकांच्या तोंडून ऐकले की त्या राखेत काय होते...

(कार्यवाहांनी चिठ्ठी दिली.) ‘पंधरा मिनिटे उरली’ असे लिहिले आहे. आपले घड्याळ पुढे असावे. (हशा)

तर त्या राखेत नव्व्याण्णव भाग थोरियमचे ऑक्साइड आणि एक भाग सिरियमचे. आउअरने आधी लँथॅनम आदींचे मेंटल केले होते; त्याचा प्रकाश हिरवट, अंग नाजूक, आणि त्या कारखान्याचे दिवाळे निघाले. 1891 साली त्याने हे प्रमाण ठरविले आणि युरोपच्या रस्त्यांवर पांढरा उजेड पडला. गंमत अशी की नुसते शुद्ध थोरियम आचेवर धरले तर ते मिणमिणते. सिरियम वाढवीत गेलो तरी उजेड मंदावतो. शंभरात एक, एवढेच लागते. कुटुंबातून वेगळा निघून परक्या घरी चिमूटभर राहिला तरी ज्याच्यावाचून दिवा लागत नाही, असा हा भाऊ. आणि वेगळा निघण्याची युक्तीही याच्याच अंगी: इतर बहुतेकांची संयुजा तीनवर अडलेली, हा मात्र ऑक्सिडीकरण केले की चार संयुजेचा होतो आणि घोळक्यातून वेगळा काढता येतो.

समोरून विचारणा झाली आहे की त्या मेंटलमधील थोरियम किरणोत्सर्गी नव्हते काय. होते, अल्प प्रमाणात. आम्ही ती राख फुंकरीने उडवीत असू. माझ्या डोक्यावरील केसांचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते घराण्यातच नाहीत. (प्रचंड हशा)

आता खनिज. मेंटलच्या धंद्याला थोरियम हवे, आणि ते मोनाझाइट या पिवळसर तपकिरी, जड वाळूत मिळे; आधी ती ब्राझीलहून येई. 1909 साली शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळले. काथ्याच्या दोरखंडांबरोबर आपली संपत्ती परदेशी गेली आणि तिची जकात कोणी मागितली नाही! पुढे मनवलकुरिची आणि चवऱ्याच्या किनाऱ्यांवर मक्ते दिले गेले. चुंबकाने इल्मेनाइटचे काळे कण ओढून घ्यायचे, मग अधिक तीव्र चुंबकाने मोनाझाइट वेगळे करायचे, झिरकॉन मागे ठेवायचे, असा तो व्यवसाय. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर आपणही काळी वाळू पाहतो. तीत इल्मेनाइट आहे, ही बाब कोकणवासीयांनी अभिमानाने सांगावी, पण मोनाझाइटचे वैभव दक्षिणेचे आहे हे प्रांजळपणे मान्य करावे. स्वातंत्र्यानंतर 1950 साली भारत सरकार व त्रावणकोर-कोचीन सरकार यांनी मिळून इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढली. आलुव्याच्या कारखान्याचे उद्घाटन 1952 च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. कंपनीचे मुख्य दप्तर मात्र आपल्या मुंबईत.

आणि या खनिजाचे नाव पाहा. ब्राइटहाउप्टने 1829 साली ते ग्रीक शब्दावरून बेतले. अर्थ, ‘एकटा राहणारा’. आत सबंध कुटुंब नांदत आहे आणि दारावर पाटी एकांतवासाची! मी परिभाषा समितीला हेही लिहिले होते.

(दुसरी चिठ्ठी.) ही श्रोत्यांकडून आहे: ‘सिरियम इतके विपुल असेल तर हे सारे एवढे महाग का?’ प्रश्नकर्त्यांच्या आवाजात, म्हणजे अक्षरात, मला थोडा उपहास दिसतो. उत्तर देतो. सिरियम महाग नाहीच. मोनाझाइट किंवा बास्टनेसाइट हे दुसरे खनिज फोडले म्हणजे हाती येणाऱ्या मालात जवळजवळ निम्मे सिरियम असते. चुंबकासाठी हवे असलेले निओडिमियम त्याच्या अर्ध्याहून कमी. एकाला हवे म्हणून सगळ्यांना जेवायला वाढावे लागते. मग उरलेल्या सिरियमचे करायचे काय? त्याच्या ऑक्साइडने भिंगे आणि आरसे घासून लख्ख करतात, मोटारीच्या धूरनळीतील उत्प्रेरकात ते घालतात, आणि तरीही ते उरते. हे दुर्मीळ! माझ्या फिर्यादीला याहून बळकट पुरावा मला नको.

घंटा ऐकली, अध्यक्षमहाराज. एकच प्रात्यक्षिक. आउअरनेच 1903 साली सिरियम आणि त्याची भावंडे न वेगळी करता, एकत्रच, लोखंडात मिसळून ठिणगीचा दगड केला. वाटणीचा दावा न लढता कुटुंबाकडून काम करून घेण्याचा तो सर्वोत्तम प्रकार. सभागृहात कोणाजवळ सिगारेटचा लायटर आहे काय? (शांतता.) एकाही सज्जनाजवळ नाही? पुढच्या रांगेत वडीलमंडळी बसली आहेत हे मी जाणतो. दिवे मालवा, म्हणजे कोणाचा हात ते दिसणार नाही. (हशा. दिवे मालविले गेले.) हं, मागून हातोहात येतो आहे. मी नाव विचारणार नाही; संपल्यावर व्यासपीठाच्या पायरीवर ठेवीन, ज्याचा असेल त्याने न्यावा. यातील वायू संपलेला आहे, ते आपल्या पथ्यावरच पडले, कारण मला ज्योत नको आहे. आता चाकाकडे लक्ष द्या. कानशीप्रमाणे ते दगडाचा कण खरवडते आणि तो कण हवेतच जळतो. पाहा. पुन्हा पाहा. मागच्या बाजूच्यांना दिसले नसेल तर त्यांनी पुढे यावे. कार्यवाह, दिवे लावण्याची घाई करू नका.